एवारिस्तो लिसारागा यांच्या मरणाचा अर्ज

सान हासिंतो गावात दरवर्षी दोन नोव्हेंबरला, पितरांच्या दिवशी, सगळ्या प्रतिष्ठित जिवंत माणसांना मृत घोषित करण्यात येते. सकाळी चौकात छापील कागद विकायला येतो. टकली, म्हणजे मरण, कुणाला कशी उचलून घेऊन गेली, याच्या चावऱ्या कविता त्यात असतात. अशा कवितेला तिथे कवटी म्हणतात. आपली कवटी आली म्हणून कुणी रागावत नाही. आली नाही, तर मात्र माणूस आठवडाभर घराबाहेर पडत नाही. गावाला जो मारण्याच्याही लायकीचा वाटला नाही, त्याने जगून काय दिवे लावले?

एकोणीस वर्षे या कवट्या एवारिस्तो लिसारागा लिहीत असत. कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव राजधानीपर्यंत गेले होते, पण गावात दरारा होता तो कवट्यांचा. त्यांनी चार गव्हर्नर मारले होते. त्यातला एक तमालांच्या, म्हणजे वाफवलेल्या मक्याच्या पुडक्यांच्या, ढिगाखाली गुदमरला आणि एक स्वतःचेच भाषण ऐकताना गेला. पाचवा गव्हर्नर शहाणा निघाला. त्याने लेखकाला तुरुंगात टाकले नाही. त्याने खुर्ची दिली.

'संचालक, साहित्य व लोकपरंपरा' हे पद आपण केवळ नव्या कादंबरीसाठी स्वीकारत आहोत, असे एवारिस्तोंनी बायकोला समजावले. सकाळी सह्या, दुपारी लेखन.

“बसा खुर्चीत,” एदुविहेसबाई म्हणाल्या. “पण कादंबरी घरीच राहू द्या. तिला शिक्के लागायला नकोत.”

ऑक्टोबरात गव्हर्नरांनी कॉफीला बोलावले. कवट्या हा राज्याचा ठेवा आहे, ते म्हणाले, आणि ठेवा असा उघड्यावर पडलेला पाहून त्यांना झोप येत नव्हती. “तुमच्यासारखा जाणकार असताना कुणीही उठावं आणि कुणालाही मारावं, हे बरं दिसतं का, मास्तर?”

मास्तरांनाही ते बरे दिसेना. तीन दिवसांत नियमावली तयार झाली, आणि तिचे गद्य इतके देखणे होते की कारकुनांनी ती एकमेकांना वाचून दाखवली. ज्याला मारायचे आहे, त्याची लेखी संमती जोडावी. तो जिवंत असल्याचा दाखला जोडावा, दाखला तीस दिवसांपेक्षा जुना नसावा. मरणाचे कारण पदाला शोभेसे असावे व त्यास आरोग्य खात्याची हरकत नसावी. विनोद असल्यास तो नेमका कुठे आहे, ते समासात दर्शवावे. सर्व तीन प्रतींत.

त्या वर्षी चौदा अर्ज आले, दोन मंजूर झाले. पाद्रीबाबा अतिसज्जनपणामुळे वारले आणि नगरपालिकेच्या टंकलेखिका लोकसेवेच्या ध्यासाने. लोकांनी कागद गुपचूप विकत घेतला आणि मंडईतल्या बायकांनी त्यात मिरच्या बांधल्या.

एवारिस्तोंना वाईट वाटले, पण ते मिरच्यांचे नव्हते. इतक्या वर्षांत त्यांची स्वतःची कवटी कधी निघालीच नव्हती, कारण मारणारे तेच होते. आता मोकळीक होती, तरी कुणी त्यांना मारले नाही. कादंबरी चाळिसाव्या पानावर अडून बसली होती. आपण अजून लेखक आहोत की नाही, हे एकदा गावाने सांगावे, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांना आतून कुरतडत होती.

दुसऱ्या वर्षी कास्तुलो आला. एकोणीस वर्षे एवारिस्तोंच्या कवट्या छापणारा हा म्हातारा छापखानेवाला टोपी हातात धरून रांगेत दोन तास उभा राहिला आणि त्याने अर्ज पुढे केला. विषय: श्री. एवारिस्तो लिसारागा यांचे निधन. सोबत सहा ओळींची कविता.

टकली आली दारात, म्हणे, “लिसारागा, चल.”
हे म्हणाले, “अर्ज कुठे? रांगेमध्ये मागे वळ.”
बसली बाई बाकावर, वर्षामागून वर्ष गेले;
खुर्चीतले कधीच मेले, तिला कुणी ना सांगितले.

एवारिस्तो इतके हसले की शेजारच्या खोलीतला कारकून घाबरून उभा राहिला. दोन वर्षांत साहेब हसल्याची कार्यालयात नोंद नव्हती. डोळे पुसत त्यांनी संमतीपत्रावर सही ठोकली आणि आपण जिवंत असल्याचा दाखला स्वतः धावत जाऊन आणला. मग ते संचालकांच्या खुर्चीत बसले, चष्मा बदलला, आणि कविता पुन्हा वाचली.

“दोन ओळी काढ, कास्तुलो.”

“कुठल्या?”

“गव्हर्नरांच्या. बाकीची उत्तम आहे. माझ्यावर काय हवं ते लिही.”

“तुला ही खुर्ची कुणी दिली, ते त्या दोन ओळींतच आहे. ते काढून काय छापू?”

“अरे, मला हवी आहे ही कवटी,” एवारिस्तो हळूच म्हणाले. “तुला कळत नाही, किती हवी आहे ते.”

“मग सही कर की. पेन तुझ्याच हातात आहे.”

पेन हातात होते. निर्णय असा लिहिला गेला: कवितेचा विषय असलेल्या श्री. लिसारागा यांची संमती आहे. तथापि संचालक श्री. लिसारागा यांची हरकत असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. कास्तुलोने कविता परत मागितली. ती आता दप्तरी जमा झाली होती.

दोन नोव्हेंबरच्या कागदात एवारिस्तो नव्हते. संध्याकाळी ते घरी आले, तर पितरांची वेदी सजली होती. झेंडू, मेणबत्त्या, गोड पाव, मेस्कल दारूचा पेला. आणि मधोमध त्यांचाच जुना फोटो, कानामागे पेन्सिल अडकवलेला. फोटोपुढे कादंबरीची चाळीस पाने.

“हे काय? मी जिवंत आहे.”

“आहात की. तुमचं ताट झाकून ठेवलंय, जेवून घ्या,” बाई म्हणाल्या. “हे माझ्या नवऱ्यासाठी आहे. आज तरी येईल तो.”

एवारिस्तोंना रडू फुटले, आणि ते खरे होते. बराच वेळ ते फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी पाने उचलली, शेवटचे पान उलटे केले आणि खिशातून पेन काढले. एदुविहेसबाईंचा मेणबत्ती धरलेला हात थांबला. दोन वर्षांनी नवरा घरात लिहायला बसला होता.

त्यांनी लिहिले: 'नियम पाचवा. हयात व्यक्तीचे छायाचित्र पितरांच्या वेदीवर मांडण्यापूर्वी संबंधित खात्याची पूर्वपरवानगी...'

एक खुलासा राहिला. कास्तुलोची कविता सहा ओळींची होती, हे वर सांगितलेच आहे. इथे छापल्या आहेत चार. हे सांगणाऱ्याचा मेहुणा त्याच खात्यात नोकरीला आहे, त्यामुळे त्याचा नाइलाज समजण्यासारखा आहे. तुमचा मेहुणा काही तिथे नाही. तरी तुम्ही चार ओळी वाचल्या, हसलात, आणि पुढच्या दोन कुठे गेल्या हे न विचारता इथपर्यंत आलात.