हाओबाईंचा आंबट तास

"शब्द फळ्यावर राहत नाही, अंगात राहतो. एका तासात सिद्ध करून दाखवते," हाओबाईंनी नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं.

त्यांचे यजमान वेन यांनी राळ्याच्या पेजेतून मान वर काढली नाही. "दाखव की. निवृत्त माणसाने काहीच सिद्ध केलं नाही तरी पेन्शन येतंच."

चीनमधल्या शान्शी प्रांतात, डोंगरपायथ्याच्या एका शाळेत हाओबाईंचं आयुष्य भाषा शिकवण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी घरातले चमचे आधी लांबीनुसार लावले, मग वजनानुसार. म्हणूनच तरुण मुख्याध्यापक दुआन जेव्हा म्हणाले, "बाई, तालुक्याहून शियांग साहेब तपासणीला येतायत. नमुन्याचा तास त्यांना आवडला, तर आठवड्यातून एक तास तुमचा," तेव्हा बाईंना परत शाळेचा वास यायला लागला: दगडी कोळसा, ओले लोकरी मोजे आणि खडू.

"आपल्या बोलण्यात आपण कष्ट खातो, नुकसान खातो, दचकणंसुद्धा खातो," त्या वेनना समजावू लागल्या. "धीट माणसाचं पित्ताशय मोठं असतं. नवऱ्याने दुसरीचं कौतुक केलं, की बायको जळत नाही, व्हिनेगर खाते. आपली सगळी भाषा म्हणजे एक शरीर आहे."

"आणि माझी पेज थंड होतेय," वेन म्हणाले.

शिकवायचा शब्द ठरलेला होता: 'आंबट'. माणूस हळवा झाला, की तिकडच्या भाषेत त्याचं मन आंबट होतं. पूर्वी वर्गाच्या मधोमध शेगडी असायची आणि भोवती कानटोप्या. बाई व्हिनेगरची वाटी फिरवायच्या, प्रत्येकाच्या जिभेवर एक थेंब.

"कुठे जाणवलं?"

"कानाखाली, बाई. जबड्याच्या मागे."

"आता डोळे मिटा. बाबा खाणीवर परत गेले, ती सकाळ आठवा. आता कुठे?"

वर्गात फक्त शेगडी तडतडायची. मग एका वर्षी यिन्हुआ नावाच्या एका चिमुरडीने नाकावर बोट ठेवलं आणि ते बोट हळूच छातीवर नेलं. तो शब्द त्या वर्गातलं कोणी विसरलं नसेल.

तोच तास पुन्हा घ्यायचा होता. बाईंनी मुलांना इतकंच सांगितलं, "घरून चमचाभर व्हिनेगर आणा."

चूक इथे झाली. त्या गावात व्हिनेगर घरोघरी मुरतं. उन्हाळ्यात ऊन दाखवायचं, हिवाळ्यात वरचा बर्फ काढून टाकायचा, असं वर्षानुवर्षं. असला ऐवज पोराच्या हाती कोण देणार? तासाला मुलं आली आणि प्रत्येकामागे एक आजी आली, पोटाशी बुधला धरून.

शियांग साहेब मागच्या बाकावर बसले होते. माणूस दक्षिणेचा, मिरचीवर वाढलेला, आंबटाची सवय नसलेला.

"आज आपण एक शब्द चाखणार आहोत," बाईंनी सुरुवात केली.

"आधी आमचं चाखा," पेई आजी उठल्या. पेई आजी म्हणजे बाईंची शेजारीण. त्यांना गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या बाजूला बसलेल्या रेन आजींनी पेईंच्या बुधल्याचा वास घेतला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

"काय झालं, रेनताई?"

"काही नाही गं. दुकानातलंही हल्ली चांगलं मिळतं."

वर्गाचं तापमान वाढलं. दोन बुधले उघडले, मग पाच, मग सगळेच. मुलं डोळे चोळू लागली. बाईंनी "शांत बसा" म्हटलं, तेव्हा मुलं शांत बसली. आज्यांना ते लागू नव्हतं.

"साहेबांनाच विचारा," कोणीतरी म्हणालं.

रेन आजींनी बशी भरली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. दोन्ही हातांनी दिलेलं नाकारायचं कसं? साहेब प्यायले. मग पेई आजींचं न पिणं म्हणजे भर वर्गात त्यांचा अपमान. तेही प्यायले. आता थांबायला जागाच नव्हती. दुआन भिंतीला चिकटून आपली नोकरी बशीबशीने कमी होताना पाहत होते. साहेबांचा चेहरा लिटमस कागदासारखा लाल झाला, उचकी लागली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"बघा, साहेब रडतायत," पेई आजींचा आवाज एकदम उतरला. "रडा हो. हा बुधला आमच्या म्हाताऱ्याने भरलेला. म्हणाला, मुरू दे, मग उघडू. मुरलं तोवर तोच राहिला नाही. आता दर नव्या वर्षाला मी दोन बशा भरते. एक तशीच राहते."

उचक्यासुद्धा थांबल्या. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने नाकावर बोट ठेवलं आणि हळूच छातीवर नेलं. तिच्या पाठोपाठ दुसरीने. रेन आजींनी पेईंचा बुधला उचलला, बशीत ओतून घेतलं आणि त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

हाओबाई हातात खडू धरून उभ्या होत्या. शब्द अजून फळ्यावर लिहायचाच होता. घंटा झाली.

संध्याकाळी दुआन यांचा फोन आला, तेव्हा टेबलावर मोमो वाफाळत होते.

"बाई, अभिनंदन. साहेबांना बरं वाटतंय, आणि तास मंजूर आहे. दर बुधवारी."

"मला खात्री होतीच," बाई म्हणाल्या.

"हो, म्हणजे... पेई आजींचा. साहेब म्हणाले, असा शिक्षक पाहिला नाही. आजींना लिहिता येत नाही, तर फळ्यावर लिहायला तुम्ही याल ना?"

"विचार करून सांगते," हाओबाई ताठ स्वरात म्हणाल्या. "किती वाजता?"

फोन ठेवून त्या जेवायला बसल्या.

"पेईताई बोलतात मात्र छान," वेन सहज म्हणाले. "ऐकत राहावंसं वाटतं."

बाईंना कानाखाली, जबड्याच्या नेमक्या मागे, काहीतरी जाणवायला लागलं होतं. अगदी स्पष्ट. नोंद घेण्याजोगं.

वेननी क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टेबलावरची व्हिनेगरची वाटी अलगद आपल्याकडे ओढून घेतली.

"तुला आज हे लागायचं नाही."