इतिहासातून काढलेली ओळ

कुणाच्याही घरी गेले की धुळाअण्णा आधी कंदिलाची काच बघत, मग यजमानाकडे. काच काळी दिसली की धोतराच्या सोग्याने पुसत आणि आमच्या आईला दरडावत, "वैनी, ह्या उजेडात जहाज फुटंल की!"

"फुटू द्या, अण्णा. सोलापुरात कुठलं आलंय जहाज?" आई म्हणे.

ही एकोणीसशे तीसच्या आधीची गोष्ट. अण्णा मूळचे मंगळवेढ्याकडचे मेंढपाळ. एका दुष्काळात कोकणात उतरले आणि भर समुद्रात, खडकावरच्या दीपगृहात नोकरीला लागले. भीती नाही वाटली? "मेंढरं राखली, तसा दिवा राखला. डोळा लावायचा न्हाई, एवढंच." लाटांवर आवाज चढवायची सवय अशी, की त्यांनी कानात सांगितलेलं गुपित गिरणीच्या फाटकापर्यंत जाई.

पेन्शनीत निघाल्यावर ते सोलापुरात लेकीकडे आले आणि त्यांनी त्या दीपगृहाचा इतिहास लिहिला. तो आमच्या साप्ताहिकात छापून यावा, एवढी एकच इच्छा. मी तिथे उपसंपादक होतो.

वही चांगली होती. बांधकाम, भिंगं, तेल, वादळं, वाट चुकलेली गलबतं. मात्र एका पावसाळ्यात जवळजवळ रोजच्या नोंदीखाली तीच ओळ होती : 'हिरवं लुगडं दिसलं.'

"अण्णा, इतिहासात लुगडं कशाला?"

"ऱ्हाऊ द्या की. लई जागा लागत न्हाई."

लागत होती. मी ती ओळ सगळीकडून काढली आणि इतिहास छापला.

अंक निघाला त्या दिवशी अण्णा कचेरीत आले. उभ्याउभ्याच त्यांनी तो वाचला. मग बोलले; पहिल्यांदाच हळू. बायको किनाऱ्यावरच्या गावात राहत होती. रोज सकाळी, पावसातसुद्धा, ती तिथल्या काठच्या खडकावर हिरवं लुगडं पसरी. घरी सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. अण्णा दुर्बिणीतून बघत. त्या पावसाळ्यात होड्या बंद होत्या. नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी आली तेव्हा कळलं, की ती ज्येष्ठातच तापाने गेली होती. अण्णांनी दिवा सोडून दर्यात उडी घेऊ नये, म्हणून शेजारची कोळीण ते लुगडं पसरत होती.

"पुढच्या अंकात चूकदुरुस्ती देतो," मी म्हणालो.

"चूक कुटं हाय? छापलंय ते खरंच हाय. ती नव्हतीच की." अंकाची घडी घालत म्हणाले, "पर मला दिसत हुती. दोन महिने."

वही काखेत मारून ते निघाले. दारातल्या कंदिलाची काच काजळीने काळी झाली होती. त्यांनी वर पाहिलं नाही.