सतरा नंबरची दंडफेरी

मी चाळीस वर्षे न्यायशास्त्र शिकवले आहे. धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे म्हणावे, आणि अग्नी नसेल तर जे दिसते ते धूर नसून धुके आहे असे शांतपणे मानावे, एवढे त्या शास्त्राचे सार. भुताखेतांना त्यात जागा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढील हकिकतीत मी एका होडीला भर दुपारी, शेपन्नास माणसांसमक्ष, हात जोडले आहेत, आणि त्याचा कोणी भलता अर्थ लावू नये.

दुसरीही एक गोष्ट सांगून ठेवतो. रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या छोट्या होड्यांच्या वार्षिक अजिंक्यपदात मी एकदा पाचवा आलो आहे. त्या वर्षी माझा रिमोट ऐनवेळी बिघडला. माझे स्नेही घड्याळजी तापाने अंथरुणावर होते, त्यांनी आपला रिमोट माझ्या होडीशी जुळवून मला दिला. म्हणजे परक्या रिमोटवर पाचवा, हे लक्षात घ्यावे. प्रशस्तिपत्र आमच्या बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडेल अशा उंचीवर आहे. उरलेली दहा वर्षे मी शेवटचा आलो, पण त्याचे प्रशस्तिपत्र देण्याची पद्धत नाही.

होडी मीटरभर लांब असते. तिला इंजिन नसते, वारा असतो. आपण काठावर उभे राहून हातातल्या रिमोटच्या, म्हणजे डब्याच्या, एका दांडीने सुकाणू वळवायचे, दुसरीने शीड ओढायचे किंवा सैल सोडायचे, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या तीन बोयांना वळसे घालून इतरांच्या आधी परत यायचे. ऐकायला सोपे आहे. मोक्षही ऐकायला सोपाच वाटतो.

आमच्या क्लबात हे ज्यांना साधले होते ते एकटे घड्याळजी. तळ्याकाठच्या रस्त्यावर खाली त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान, वर घर, आणि घराला तळ्याकडे तोंड करून एक गॅलरी. चौदा वर्षांत नऊ अजिंक्यपदे. ते नेहमी घाटाच्या कोपऱ्यातल्या एकाच फरशीवर, डबा दोन्ही हातांनी पोटाशी गच्च धरून, एक शब्द न बोलता उभे राहत. त्यांची सतरा नंबरची होडी सुरुवातीच्या रेषेमागे हातभर अंतरावर येऊन, शीड थरथरवत, जणू श्वास रोखून थांबे, आणि शून्य म्हणताच सुटे.

त्यांची आणखी एक रीत होती. होडी बोयाला लागली तर जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घ्यावी, तिला दंडफेरी म्हणतात, असा नियम आहे. कोणी पाहिले नसेल तर तो नियम पुष्कळांना आठवत नाही. आमच्या क्लबातल्या दंतवैद्यांना तर पाहिले असले तरी आठवत नाही. घड्याळजींची होडी मात्र दूर, कोणाला दिसणार नाही तिथेही, निमूटपणे गिरकी घेई.

मागल्या हिवाळ्यात घड्याळजी गेले. क्लबाच्या सभेत दंतवैद्यांनी गहिवरून ठराव मांडला, की घड्याळजींनी चालवलेली होडी त्यांच्या स्मरणार्थ क्लबाच्या खोलीत काचेच्या कपाटात कायमची ठेवावी. आत दिवाही असावा. सगळ्यांचे डोळे पाणावले. घड्याळजींच्या पत्नीचे, वहिनींचे, मात्र कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. म्हणाल्या, "काचेत ठेवलेली होडी म्हणजे माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं, भाऊजी. तिला पाणी हवं. यंदा तुम्ही चालवा."

मी क्लबात शब्द टाकला. बरीच भवति न भवति होऊन असे ठरले, की अजिंक्यपदात सतरा नंबर पहिल्या तिघांत आली तर ती पाण्यातच राहील, नाहीतर कपाटात जाईल. चालवणार मी, हे कळताच दंतवैद्यांनी आनंदाने संमती दिली आणि सुताराला कपाटाचे माप घ्यायला सांगितले.

वहिनींनी होडी आणि घड्याळजींचा डबा माझ्या हाती दिला. डब्यावरच्या दिव्याला काळी चिकटपट्टी लावलेली होती. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून घड्याळजींनी लावली आहे, काढू नका, असे वहिनींनी बजावले. बॅटरी भरून दिली आहे, उघडू नका. त्यांच्याच फरशीवर उभे राहा. "आणि फार ढवळाढवळ करू नका. मला काही बघवणार नाही, मी आपली गॅलरीचा पडदा ओढून घेईन."

पहिल्या रविवारी तळ्यावर दाट धुके होते. पलीकडचा काठ कोणी पुसून टाकल्यासारखा नाहीसा झाला होता, आणि पाणी असे निपचित, की त्यात खडा टाकायला संकोच वाटावा. निवृत्त स्टेशनमास्तर आमचे पंच. ते घड्याळ धरून उलटे आकडे मोजू लागले. चष्म्यावर दव साचले म्हणून मी डबा काखेत धरून काच पुसत होतो. चष्मा डोळ्यांवर चढवून पाहतो तो सतरा नंबर रेषेमागे हातभर अंतरावर, शीड थरथरवत उभी. शून्य झाले. ती सुटली. मी घाईघाईने दांड्या हलवू लागलो, आणि आम्ही पहिले आलो.

स्टेशनमास्तरांनी विचारले, शास्त्रीबुवा, ही विद्या इतकी वर्षे कुठे लपवली होतीत? पाया शास्त्रशुद्ध असला की फळ उशिरा का होईना येते, असे मी विनयाने सांगितले.

दुसऱ्या फेरीत मला डावीकडे जायचे होते. दांडी डावीकडे पुरती दाबली. होडी उजवीकडे गेली. काही क्षणांतच उजवीकडचे पाणी शहारले आणि तिथे नवा वारा उतरला. इतर सारे डावीकडे खोळंबून राहिले.

तिसऱ्या फेरीत लांबच्या बोयापाशी, धुक्याच्या तोंडाशी, सतरा नंबर थबकली. मग झोपेत कूस बदलावी तशी, सावकाश, तिने एक पूर्ण गिरकी घेतली. माझे अंगठे दांड्यांवर नव्हते. शेजारी उभ्या दंतवैद्यांनी विचारले, कुठे लागली हो, की उगाच फिरवलीत? अडकलेल्या होड्या सोडवायला सुतार वल्ह्यांची नाव घेऊन तिकडे असतो. काठाला लागल्यावर तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लागली होती, शास्त्रीबुवा. नखभर. पण तुम्हाला इथनं दिसलं कसं?"

घरी येऊन हे सौभाग्यवतींना सांगितले. त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सुचवले.

पुढचे दोन महिने आम्ही जिंकत राहिलो आणि माझे वजन उतरत गेले. मी पादत्राणे काढून त्या फरशीवर उभा राहू लागलो, त्यामुळे शिंकाही सुरू झाल्या. शिंकताना डबा गदगदा हले. होडी तसूभर ढळत नसे. एकदा सहज मागे वळून पाहिले तर गॅलरीचा पडदा ओढलेला होता, पण वारा नसताना त्याची कड हलल्यासारखी वाटली. मी मुकाट्याने पुन्हा पाण्याकडे पाहू लागलो. आपण काय पाहिले नाही, हे ठरवण्याचाही माणसाला अधिकार आहे.

अजिंक्यपदाचा दिवस उजाडला तोही धुक्यातच. बावीस होड्या. सकाळच्या फेऱ्या संपल्या तेव्हा सतरा नंबर तिसरी होती आणि एकाच गुणाने मागे, चौथे, दंतवैद्य. उरली एक फेरी. तीत ते पुढे गेले की होडी कपाटात. कपाट तयार होऊन क्लबाच्या खोलीत आलेही होते. आतला दिवा लागतो का, हे सुतार पुन्हा पुन्हा पाहत होता.

जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेतला तर आत काहीतरी सरकले. वहिनींची आज्ञा आठवली. पण चाळीस वर्षे शिष्यांना 'तपासून पाहा' म्हणत आलेल्या माणसाला राहवेना. नाण्याने झाकण उघडले. आत बॅटरी नव्हती. वर्तमानपत्राच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली, कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणाची अर्धी वडी होती.

मी बाकावर बसलो. बॅटरी नाही, म्हणजे संदेश नाही. संदेश नाही, म्हणजे होडी मी चालवत नाही. होडी तर चालते, आणि तीही रेषेमागे हातभर थांबून, न पाहिलेल्या चुकीची दंडफेरी घेऊन. असे चालवणारा माणूस या तळ्यावर एकच झाला. अनुमानात कुठे छिद्र सापडेना. ज्या शास्त्राने आयुष्यभर माझे बोट धरले, त्याने मला कड्याच्या टोकाशी नेऊन बोट सोडून दिले.

शेवटच्या फेरीचे आकडे सुरू झाले. मी डबा फरशीवर ठेवला, एक पाऊल मागे सरलो आणि हात जोडले. "घड्याळजी," मी म्हणालो, "तुमची होडी तुम्हीच न्या. मी नुसता उभा आहे."

आवाज मी हळूच काढला होता, पण धुक्यात आवाज लांब जातो. काठावरच्या माना माझ्याकडे वळल्या. डबा जमिनीवर, माझे हात छातीशी, आणि सतरा नंबर रेषेमागे शीड थरथरवत उभी. शून्य म्हणताना स्टेशनमास्तरांचा आवाज चिरकला. ती सुटली. तिच्याकडे पाहत राहिल्याने दोन होड्या एकमेकींवर आदळल्या आणि तिसरी लव्हाळ्यात घुसली, त्यांच्या धन्यांना पत्ता नव्हता. शेवटच्या बोयाला ती दंतवैद्यांच्या होडीपेक्षा तीन होड्यांच्या लांबीने पुढे होती. तिथे ती थबकली, आणि धुक्याच्या कडेवर, निःशब्द, गिरकी घेऊ लागली. दंतवैद्य बोयाला चिकटून पुढे निघून गेले. माझ्या डोळ्यांपुढे कपाटातला दिवा लागला. पण सतरा नंबरने एकटीने काठालगतची वाट धरली. कुठून कोण जाणे, तिच्यापुरती एक झुळूक आली, आणि वीतभर आधी तिने रेषा ओलांडली.

टाळी वाजली नाही. दंतवैद्यांनी हरकत नोंदवली. शर्यतीत बाहेरच्या माणसाची मदत घेता येत नाही, आणि शास्त्रीबुवांनी ती घेतली आहे. स्टेशनमास्तरांनी नियमांचे पुस्तक तीनदा चाळले आणि मला माझे म्हणणे विचारले. मी निवेदन केले, की घड्याळजी क्लबाचे आजीव सभासद होते, त्यामुळे ते बाहेरचे नव्हेत, आणि सध्या ते माणूसही नव्हेत, सबब नियम लागू होत नाही. आजीव म्हणजे जिवंत असेपर्यंत, असे दंतवैद्य म्हणाले. स्टेशनमास्तरांनी कपाळ पुसले आणि होडी दिवंगत घड्याळजींनी चालवली हे मला लिहून द्यायला सांगितले. मी सही करायला टेकलोच होतो.

तेवढ्यात सुतार म्हणाला, "चालली बघा."

सतरा नंबर पाण्यातच राहिली होती. आता ती आपली आपण, काठाला समांतर, माणसाच्या चालीने येत होती. आणि तिच्या जोडीने, घाटावरून, धुक्यातून एक आकृती येत होती. स्टेशनमास्तरांनी माझा दंड धरला. मी त्यांचा धरला.

त्या वहिनी होत्या. गळ्यात दुर्बीण, हातात डबा. त्याचा दिवा लखलखत होता.

"सही करू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यांना भूत करून काठावर उभं करायचं नाही. होडी मी चालवते. चौदा वर्षं मीच चालवते आहे. वरनं वारा दिसतो, बोया दिसतो, सगळं दिसतं."

मग त्यांनी थोडक्यात सांगितले. चौदा वर्षांपूर्वी घड्याळजींचे हात थरथरू लागले. ते कळले असते तर दुकानात कोण येणार? म्हणून ते पोटाशी डबा गच्च धरून काठावर उभे राहत आणि वहिनी पडद्याआडून होडी चालवत. ते गेल्यावर स्वतः काठावर येण्याची सोय नव्हती, पहिल्याच वळणाला सगळ्यांनी हात ओळखला असता आणि गुपित फुटले असते. कोणीतरी नुसते उभे राहणारे हवे होते. इथे त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

दंतवैद्यांनी मनगटाकडे पाहिले. "म्हणजे माझं हे घड्याळ दुरुस्त केलं ते…"

"चालतंय ना?" वहिनी म्हणाल्या. "आणि शेवटच्या बोयाला तुमचीही होडी लागली होती. मी फेरी घेतली. तुम्ही नाही."

दंतवैद्यांनी घड्याळ बाहीखाली झाकले. स्टेशनमास्तरांनी नियमाप्रमाणे सतरा नंबर सर्व फेऱ्यांतून बाद केली. म्हणजे पहिल्या तिघांत नाही. म्हणजे कपाट. सुतार होडी उचलायला वाकला. वहिनींनी हातातला डबा पोटाशी गच्च धरला, अगदी घड्याळजींसारखा.

तेव्हा माझे शास्त्र मला परत भेटले. "थांबा," मी म्हणालो. "ठराव आहे, 'घड्याळजींनी चालवलेली होडी' कपाटात ठेवावी. घड्याळजींनी चौदा वर्षांत होडी चालवलीच नाही. मग कपाटात ठेवण्याजोगी होडी अस्तित्वातच नाही."

स्टेशनमास्तरांनी ठरावाचे पुस्तक मागवले, वाचले, आणि मुद्दा मान्य केला. कपाटात साबणाचा डबा गेला. आतला दिवा छान लागतो. सतरा नंबर पुढल्या रविवारपासून वहिनींच्या नावाने पाण्यात उतरते, आणि त्या तिच्यासोबत काठावर उभ्या असतात.

त्या संध्याकाळी मी त्यांना घरापर्यंत पोचवायला गेलो. विजयाने मन हलके झाले होते. रस्ता ओलांडताना मात्र ती काळी चिकटपट्टी डोळ्यांपुढे आली, ती मी पूर्वीही एकदा पाहिली होती, आणि मी जागीच उभा राहिलो.

"वहिनी," मी विचारले, "मी पाचवा आलो, त्या वर्षी घड्याळजींनी मला दिलेला रिमोट…"

त्यांनी दुकानाचे कुलूप शांतपणे उघडले.

"तिसरे आला असता, भाऊजी. पण शीड फार घट्ट बांधलं होतं तुम्ही."