शुक्रवारी अर्धा तास बंद

कॉम्प्युटर अर्धा तास बंद ठेवायचा असला की लोक मेसेज पाठवतात. आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारे मुकुंदराव पोतनीस इस्त्रीचा शर्ट घालतात आणि प्रत्येक दुकानदाराला समक्ष सांगायला निघतात. लग्नाचं बोलावणं करावं तसं. देवासहून पार मनावर, गंधवानी या गावांपर्यंत, बस बदलत.

"मेसेज कोणी वाचत नाही, सेठ. समोर जाऊन कळवलेलं बरं असतं."

मी ठिबकचे पाइप विकतो. धारमध्ये सायकलवर जॉइंट विकत सुरुवात केली; आज देवासात गोदाम आहे आणि दुकानदार मोबाइलवर ऑर्डर टाकतात. हे मला कोणी दिलेलं नाही, भांडून मिळवलंय. पोतनीसांचे पूर्वज देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे दोन राजांपैकी थोरल्याच्या, दरबारात होते, त्यामुळे भांडणं त्यांना येत नाही. मी ओरडलो की ते चष्मा पुसतात. ओरडून झालं की विचारतात, "झालं? चहा सांगू?" अशा माणसावर रागावणं म्हणजे फुकटची मेहनत.

त्या आठवड्यात मात्र ओरडायला कारण होतं. गंधवानीच्या दुकानदाराने एक टेंपो पाइप मागवले आणि दोन पोचले. मग धारला दोन. बदनावरला दोन. गंधवानीवाल्याने जास्तीचे पाइप मेहुण्याच्या खोलीत रचले. मेहुणा ओसरीवर झोपतो आणि मला फोनवर शिव्या देतो.

"हे काय आहे, पोतनीस साहेब?"

त्यांनी शांतपणे सांगितलं. ऑर्डरीचं काम छोट्या छोट्या डब्यांत वाटलेलं असतं, त्यांना कंटेनर म्हणतात. कोणता डबा कोणत्या मशीनवर चालायचा, हे एक मुकादम सॉफ्टवेअर ठरवतं. एखादं मशीन क्षणभर गप्प झालं की मुकादमाला वाटतं ते मेलं. तो त्याचं काम दुसऱ्याला देतो. एवढ्यात पहिलं जागं होतं.

"मग दोघंही गादीवर. दोघांचाही हुकूम खरा. आपल्या देवासला हे नवं नाही, सेठ. एका गावात दोन राजे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले."

"मला पाइप सांभाळायचेत! उपाय सांगा."

"दुरुस्ती आलीय, कालच. वर 'क्रिटिकल' लिहिलंय. शुक्रवारी दुपारी दोनला अर्धा तास सगळं बंद ठेवावं लागेल."

"दहा मिनिटं."

"सेठ, ही भाजी नाही."

"पंधरा. बस, शेवटचं."

"अर्धा तास," ते चष्मा पुसत म्हणाले, "आणि आधी सगळ्यांना कळवावं लागेल."

मंगळवारी संध्याकाळी ते निघाले. बुधवारी सकाळपासून माझा फोन थांबेना. "भिया, सुना है आपका सिस्टम गंभीर है?" एकाने तर सरळ विचारलं, "धंदा बेच रहे हो क्या? पहले हमको बताना." वीस वर्षांत मी कमावलेली पत हा माणूस बसच्या तिकिटावर वाटत फिरत होता.

गुरुवारी मी इंदूरच्या भाचीला बोलावलं. तीही कॉम्प्युटरच्याच कामात आहे. तिने आमचा सर्व्हर उघडला आणि पाच मिनिटांत हसायला लागली.

"मामा, ये तो लग चुका है. मंगळवारी दुपारीच बसवलंय. आणि बंद कशाला ठेवायचं? एकेक डबा बदलत जातो, ग्राहकाला कळतही नाही."

मंगळवारी दुपारी! खरंच, बुधवारपासून एकही दुहेरी टेंपो गेला नव्हता. म्हणजे काम उरकून हा गृहस्थ कशाच्या नावाने गावोगाव हिंडत होता? मी गाडी काढली. आज नोकरीवरून काढायचंच, आणि तेही चार माणसांसमोर.

मनावरला ते आमचा तिथला दुकानदार कैलास याच्या दुकानामागे सापडले. चटईवर बसले होते, पुढ्यात दाल-पानिये, म्हणजे डाळ आणि पानांत भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या, आणि चक्क खळखळून हसत होते. आमच्या ऑफिसात हे हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला पाहिलं आणि घास हातातच राहिला.

"आओ भिया!" कैलास म्हणाला. "खाने को बिठाओ तो साहब हर बार बोलते हैं, घर पे बना रखा है. भाभीजी के जाने के बाद कौन बनाता है, हमको मालूम नहीं क्या?"

वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मला ठाऊक होतं. तेराव्याच्या आधीच सर्व्हर पडला म्हणून मी पोतनीसांना कामावर बोलावलं होतं. ते आले, दुरुस्त करून गेले. घरी आता कोण असतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही.

कैलासच्या बायकोने माझ्यापुढेही पत्रावळ मांडली.

"तो भिया, शुक्र को बंद पक्का ना?" कैलासने विचारलं.

पोतनीस माझ्याकडे बघत होते. मला सगळं कळलंय, हे त्यांनी ओळखलं होतं. चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता.

"पक्का," मी म्हणालो. "आधा घंटा. और अगले महीने फिर से. बीमारी बड़ी है, साहब को बार-बार आना पड़ेगा."

पोतनीस खाली बघून पानिया मोडत राहिले. तूप घेऊन आलेल्या कैलासच्या बायकोला त्यांनी या वेळी नको म्हटलं नाही.