अकरा पायऱ्यांचं अभयारण्य

१४ डिसेंबर, रविवार. पाच किलो तुरीच्या शेंगा सोलायच्या आहेत. माझ्या मेसमध्ये स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या बारा पोरी जेवतात आणि आज सोलेभात करायचं मी कबूल करून बसले आहे. मदतीला शेजारचे गावंडेकाका आलेत. त्यांची एक शेंग होते तोवर माझ्या दहा होतात, कारण मध्येच त्यांचा हात थांबतो आणि ते म्हणतात, "ओळखा!"

काका कोणत्याही जागेचं नाव सरळ सांगत नाहीत. बडनेरा स्टेशनात पस्तीस वर्षं तिकीट खिडकीत बसले. लोक गावाचं नाव सांगायचे, हे तिकीट द्यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी नावं घेणंच सोडलं. आता ते फक्त खुणा सांगतात, त्याही पक्ष्यांच्या अभयारण्यांच्या.

"गोदावरीले कादवा भेटते. बंधारा इंग्रजाचा. निफाडले उतरा. ओळखा!"

पोरींना नाही आलं, तर मोठ्यानं "हरलो" म्हणायचं. त्याशिवाय उत्तर मिळत नाही.

"नांदूर मध्यमेश्वर! एवढंही मालूम नाही? काय शिकवून राहिले तुमाले क्लासात?"

पोरी म्हणतात, "काका, पर्याय द्या ना, अ ब क ड." काका म्हणतात, "पक्षी काय पर्याय पाहून उतरते का?"

एकदा स्टेशनला जायचं होतं, तर ऑटोवाल्याला म्हणाले, "जिथं राजे लोक बदकं मारत, तिथं जायले जिथं गाडी पकडा लागते, तिथं ने." ऑटोवाला म्हणाला, "काका, बसता का जाऊ?"

माझ्या भाचीच्या लग्नात तर कहर झाला. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना काकांनी नवरदेवाच्या मामाला गाठलं. "जमीन पाण्यावर तरंगते, तिच्यावर हरीण नाचते. ओळखा!" मामा बिचारे विचार करत राहिले. भटजी श्वास घ्यायला थांबले, सगळं कार्यालय चिडीचूप झालं, आणि तेवढ्यात मामा ओरडले, "हरलो!" आमच्याकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी शांतपणे सांगितलं, "लोकटाक. मणिपूर."

यातलं एकही ठिकाण त्यांनी पाहिलेलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी पाहायले गेलो असतो, तं खिडकीत कोण बसलं असतं?"

एक प्रश्न मात्र ते नेहमी शेवटी विचारतात. आजही विचारला.

"अकरा पायऱ्या, सहावी तुटकी. काठाले बाभूळ. पाणकोंबडी पिलं घेऊन फिरते. फाटक नाही, तिकीट नाही. ओळखा!"

तीन वर्षं ऐकतेय. पोरींचं मोबाइलवर देशभर शोधून झालं. म्हटलं, "हरले काका. दहादा हरले. आता तरी सांगा."

"मले मालूम असतं, तं तुमाले कायले विचारलं असतं?"

 तीन वर्षं हा माणूस आमची परीक्षा घेत नव्हता तर!

मग शेंगा सोलता सोलता त्यांनी सांगितलं. काकांच्या पत्नी सुमनकाकू शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचा वेळ जावा म्हणून हा खेळ सुरू झाला. रोज संध्याकाळी काका एक अभयारण्य विचारायचे. काकू हुशार, कधी हरल्या नाहीत. एके दिवशी म्हणाल्या, "आता मी विचारते." त्यांनी हा प्रश्न घातला. काकांना येईना.

"हरलो म्हना, सांगते, असं म्हने. मी कायले म्हनतो? म्हटलं, उद्या सांगतो उत्तर." काकांनी हातातली शेंग न सोलताच परत टाकली. "उद्या ती बोललीच नाही. मंग मी सारी पुस्तकं पाहिली, ताई. पायऱ्या कोनीच लिहिल्या नाहीत."

"कोण लिहील?" मी म्हटलं. "तळ्याच्या पायऱ्या मोजतं कोण, काका? जिला ओल्या कपड्यांची बादली घेऊन त्या चढाव्या लागतात, ती. काकूंचं माहेर कोणतं?"

"सावरखेड. अकोटच्या अलीकडं."

"तिथं तळं आहे?"

"असंल. मी लग्नात गेलो तेवढाच. दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. मंग तिले न्यायले तिचा भाऊच ये." टरफलं एकीकडे सारत म्हणाले, "पन ताई, गावतळ्याले कोन अभयारण्य म्हनते?"

मी उरलेल्या शेंगा त्यांच्या पुढ्यातून ओढून घेतल्या आणि सोलून टाकल्या.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी पोरींचे पोहे झाकून ठेवले, पोळ्यांचा डबा बांधला आणि काकांना घेऊन अकोटची एसटी धरली. कंडक्टर आला. "कुठं?"

काकांनी तोंड उघडलं. मी मनातल्या मनात कंडक्टरची माफी मागून ठेवली.

"सावरखेड," काका म्हणाले.

तळ्यावर बाभूळ होती. पाणकोंबडी काही दिसली नाही. पायऱ्या मी मोजल्या नाहीत. काकांनीच मोजल्या, मोठ्यानं, एकेक उतरत. सहावीपाशी थांबले. अर्धी पायरी नव्हतीच. उरलेल्या अर्ध्या पायरीवर ते बसले, चप्पल काढून शेजारी ठेवली, आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "हरलो."

मी वरच्या पायरीवर डबा उघडला आणि त्यांच्या पोळ्या वेगळ्या काढून ठेवल्या.