पितळी पुंगळ्यांची कर्वेनगर मोहीम

समस्त वाचकांस विदित व्हावे जे, हिंजवडीस काचेच्या इमारती उठल्या आणि ज्यास घरचा फ्यूज बदलता येईना तोही आर्किटेक्ट म्हणवू लागला, ते समयी कर्वेनगरी योगेशपंत नामे खासे संगणक-सरदार नांदत होते. अमेरिकेहून रायफलीचा शौक घेऊन आले, आणि मग खडकीपलीकडील नेमबाजी क्लबात दाखल जाहले.

रविवारी सामना. संघात जागा एक. दावेदार पंत आणि त्यांचे मेहुणे अनंतराव. नवी काडतुसे मिळेनात, सबब क्लबाचे सेक्रेटरी रावसाहेब यांणी हुकूम सोडिला जे, ज्याने त्याने आपल्या झाडलेल्या काडतुसांच्या रित्या पितळी पुंगळ्या साफ करोन आणाव्या, क्लबात त्या फिरोन भरल्या जातील. ज्याच्या पुंगळ्या नापास, तो घरी.

अनंतरावांणी साबणाच्या पाण्यात खळबळोन, सुकवोन विषय संपविला. पंतांस हे हलके वाटले. धुणे ही काय प्रोसेस जाहली? मग लॅपटॉपावर मसलत केली आणि मंडईतून चिंच आणविली. कारण पुणेरी बुद्धिवंत शौक अमेरिकेचा आणील, परंतु पितळ दिसताच त्यास देव्हारा आठवतो. बादलीत चिंचेचा कोळ, वर मीठ, वर व्हिनेगर, आणि त्यात पुंगळ्यांस जलसमाधी.

पंतांचे कुटुंब रुपालीबाई म्हणाल्या, "अहो, समईसुद्धा मी चिंच लावून लगेच धुते. काढा त्या."

त्यावर फर्मान सुटले जे, क्वालिटीस वेळ लागतो, मुदपाकखान्याने दारूगोळ्यात नाक खुपसू नये. आणि खासे ऑफिसास रवाना जाहले. आठवडाभर पुंगळ्या मुरांब्यासारख्या मुरल्या.

बाहेर काढिल्या तो लखलखाट! पिवळेपण जाऊन गुलाबी झाक आली होती. पंतांस ती विजयश्रीची लाली भासली. मग तबकात मांडोन स्वारी क्लबात पोहोचली. रावसाहेबांणी एक पुंगळी पकडीत दाबिली, ती पापडासारखी तडकली.

"आंबटानं पितळेतलं जस्त खाल्लं. ही उडवलीत तर पितळ डोळ्यात येईल. हळदीकुंकवाला वाटा."

"अहो, पण चमक बघा ना!"

"बघितली. चष्मा आहे मला. अनंतराव, चला तुम्ही."

येणेंप्रमाणे जागा मेहुण्यास गेली. पंतांणी मात्र पुंगळ्यांचे छायाचित्र ऑफिसात ई-मेलाने धाडोन फत्ते जाहीर केली, आणि तेथील समस्त शहाण्यांणी मुबारकी कळविली. सबब नोंद करणे प्राप्त: चकाकी काबीज जाहली, गोळी एकही सुटली नाही, आपले बाजूस जखमी कोणी नाही. इभ्रत तेवढी कामी आली. खाशांस ती खबर अद्याप पोहोचलेली नाही.