सीलबंद वाफ

रुग्णालयाची प्रकृती ठणठणीत ठेवायची तर त्यात रुग्ण नसावेत, हे तत्त्व देखरेख समितीने तीन वर्षांच्या अभ्यासाअंती मान्य केलं होतं. (अभ्यासावर लक्ष ठेवायला उपसमिती होती, उपसमितीवर एक निरीक्षक. निरीक्षक आजारी होते, खासगी दवाखान्यात.)

म्हणून तपासणीच्या सकाळी मुलांचा वॉर्ड कसा लख्ख होता. वीस खाटा, वीस कोऱ्या चादरी, सुरकुत्या शून्य. वाफ द्यायचं मशीन काचेच्या कपाटात, कपाटाला कागदी पट्टी, पट्टीवर शिक्का: 'चालू स्थितीत'. ते चालू स्थितीत राहावं म्हणूनच कुणी चालू करत नसे. सिस्टरनी स्वतः रात्रपाळी संपवून चादरी ताणल्या होत्या. यंदा बढतीत त्यांचं नाव होतं.

पावणेअकराला एक आई आठ महिन्यांचं बाळ घेऊन आली. दर श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"आज तपासणी आहे हो. उद्या आणा," सिस्टर सवयीनं म्हणाल्या.

"उद्यापर्यंत श्वास धरून ठेव म्हणू त्याला?"

सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. ते फाटकावर गुच्छ धरून उभे होते. हळूच म्हणाले, "वाफ द्या. पण मी सांगितलं असं नको."

सिस्टर कपाटापुढे थबकल्या. वॉर्डातल्या मावशी केरसुणीवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "पट्टी मी डिंकानं परत चिकटवते. लेकराचं तसं नसतं बाई."

सिस्टरनी पट्टी फाडली.

समिती आत आली तेव्हा बाळ सातव्या खाटेवर शांत झोपलं होतं, कोऱ्या चादरीवर लाळ गाळत.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"पेशंट आहे, साहेब."

"आणि तोही आजच?"

अहवाल काटेकोर होता. खाटा: वीस. सुरकुत्या: एक (ओली). सील: भंग. रुग्ण: आढळला. रुग्णालयाच्या मानांकनात पाच ताऱ्यांचे तीन झाले. बढतीऐवजी सिस्टरना कारणे दाखवा नोटीस मिळाली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'श्वास'. कागद परत आला: 'हे कारण यादीत नाही.'

अहवाल महिनाभर फाटकावर लावला होता, नागरिकांच्या हरकतींसाठी. एकही आली नाही. नागरिक सुजाण आहेत. तारे मोजतात आणि पलीकडच्या पाच ताऱ्यांच्या रुग्णालयाकडे वळतात. उद्या आपलं लेकरू धापा टाकू लागलं की आपणही तिथंच जाणार आहोत. चिंता नको. तिथली पट्टी अजून शाबूत आहे.